पाचवं शील आणि परदेशी वेल

आमच्या घरात दारूचं नाव घेत नसत. घ्यायची वेळ आलीच तर आई ‘ते’ म्हणायची, तेही आवाज खाली आणून, आणि बाबा नेमके त्याच वेळी बूट पुसायला घ्यायचे. रोज सकाळ-संध्याकाळ बुद्धाच्या तसबिरीसमोर मेणबत्ती लावून आम्ही त्रिसरण-पंचशील म्हणत असू. हिंसा करणार नाही, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, खोटं बोलणार नाही आणि पाचवं, मद्य घेणार नाही. लहानपणी मला पहिलं, दुसरं आणि चौथं फार जड जायचं, कारण डास मारायचे असत, शेजारच्या मळ्यातले पेरू काढायचे असत आणि मग ते काढले नाहीत असं सांगायचं असे. तिसऱ्याचा अर्थ कुणी सांगत नसे. पाचवं मात्र फुकटात पदरात पडल्यासारखं वाटायचं. ते पाळायला काही करावंच लागत नव्हतं. बाबांनाही ते तसंच वाटत असावं, निदान ती वेल घरी येईपर्यंत.

बाबा फळांची सरबतं आणि जॅम करणाऱ्या एका कंपनीत बागायत अधिकारी होते. शेतकीचे पदवीधर, स्वभावाने अबोल, हाताने कलम बांधायची सवय असल्यामुळे बोटं सतत कशाला तरी गुंडाळत असलेले. आम्ही राहायचो धायरीला. पेठांमध्ये भाड्याने जागा शोधताना घरमालक आधी आडनाव विचारत आणि मग जागा नुकतीच गेल्याचं सांगत, हे बाबांनी दोन-तीनदा ऐकलं आणि शोधणं थांबवलं. धायरीतही आडनाव विचारलं होतं, पण विकणाऱ्याला जमीन विकायची घाई होती. अशा रीतीने आमचं घर, विहीर आणि घरामागचा जमिनीचा तुकडा आमच्या वाट्याला आला. धायरी तेव्हा खेडं होतं. सकाळी विहिरीवरच्या इंजिनाची टुकटुक सुरू झाली की दिवस सुरू, आणि ती थांबली की आईच्या भाकरी थापण्याचा आवाज ऐकू येई. चुलीवर हिरव्या मिरचीचा खर्डा, अंबाडीची भाजी, आणि पौर्णिमेला गव्हाची खीर. त्या जमिनीवर आता चार इमारती आहेत, आणि त्यांतल्या एकीच्या लिफ्टमध्ये मी एकदा अडकले होते, एवढाच माझा तिच्याशी अलीकडचा संबंध.

पौर्णिमेला आम्ही पांढरे कपडे घालून विहारात जायचो. विहार म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली, कोपऱ्यात मूर्ती, खाली सतरंजी. तिथे वंदना बाबा घ्यायचे. म्हणजे पुढे बसून ते पाली भाषेतली एकेक ओळ म्हणत आणि बाकीचे मागून म्हणत. आमच्या आजोबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण दीक्षा घेतल्यावर त्यांनी सगळं ऐकून ऐकून पाठ केलं होतं आणि गावाकडे तेच वंदना घ्यायचे. ज्यांना आयुष्यभर देवळाच्या पायरीबाहेरून बघावं लागलं, ते आता सर्वांच्या पुढे बसून म्हणत आहेत, हे बाबांनी लहानपणी पाहिलेलं होतं. ती पुढची जागा बाबांसाठी काय होती, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ते ताक बंद करायचे, घसा धरू नये म्हणून. घरात एवढंच दिसायचं.

कंपनीचे मालक लिमये साहेब नारायण पेठेत राहायचे. रसायनशास्त्र शिकलेला माणूस, गोरा, उभट, बोलणं काटकसरीचं. सरबतात त्यांचं मन रमत नव्हतं. फ्रान्सला जाऊन आले आणि तिथली वाइन इथे करायची असं त्यांनी ठरवलं. सरकारी परवानग्या मिळवल्या, काड्या मागवल्या, आणि एक दिवस गाडीच्या डिकीतून ओल्या गोणपाटात बांधलेली एक मोळी काढून त्यांनी आमच्या ओट्यावर ठेवली. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, टोकांना मेण लावलेल्या काड्या. जातीचं नाव शेनिन ब्लांक. तिकडे ल्वार नावाच्या नदीच्या काठी ती कित्येक पिढ्या लावतात, असं साहेब म्हणाले. तपासणीसाठी त्या इतके दिवस अडकून पडल्या होत्या की निम्म्या वाळूनच आल्या होत्या.

“सोनवणे,” साहेब म्हणाले, “जगल्या तर माझं नाव होईल. मेल्या तर तुमचं.”

व्यवस्था अशी ठरली की जमीन आमची, वेली कंपनीच्या. परदेशी रोप असल्यामुळे एक अट होती: प्रयोग फसला तर सगळ्या वेली उपटून जाळायच्या, कुणाला द्यायच्या नाहीत. साहेब गेल्यावर आईने चुलीपाशी बसूनच विचारलं, “कसली द्राक्षं म्हणालात?”

“परदेशी.”

“खायची?”

“पिळायची.”

“मग सरबतच की.”

बाबांना इथे हो म्हणता आलं असतं. पण चौथं शीलही रोजचंच होतं. ते तिचाच शब्द वापरून म्हणाले, “नाही. ते.”

आई म्हणाली, “बरं,” आणि पुढची भाकरी थापायला घेतली. तिच्या ‘बरं’चे अनेक प्रकार मला ठाऊक होते. हा मला ओळखता आला नाही.

बाबांनी आधी इकडच्या रानटी द्राक्षाची रोपं जमिनीत रुजवली आणि पावसाळा सरता सरता त्यांच्यावर त्या काड्यांची पाचर कलमं बांधली. खालची मुळं इकडची, वरचं अंग तिकडचं. काड्यांना डोळे फुटले तेव्हा बाबा आम्हाला हात धरधरून बघायला घेऊन गेले. पुढच्या दोन हिवाळ्यांत साहेबांनी फ्रान्सहून आणलेल्या पुस्तकात लिहिल्याप्रमाणे छाटणी केली. वेली पसरल्या, मांडव हिरवागार झाला आणि घड म्हणून एक लागला नाही. बाबा संध्याकाळी मांडवाखाली येरझाऱ्या घालत. एकदा जेवताना मध्येच म्हणाले, “तिकडे बर्फ पडतं. वेल झोपते, मग जागी होते. आपल्याकडे तिला झोपच नाही. ती बिचारी नुसती जागी आहे.” मग त्यांनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि इकडच्या द्राक्षांना करतात तशा वर्षातून दोन छाटण्या केल्या. एप्रिलमध्ये सगळं अंग खरडून काढायचं आणि ऑक्टोबरमध्ये फळासाठी पुन्हा कापायचं. साहेब म्हणाले, “फ्रेंच माणूस बघेल तर रडेल.” बाबा म्हणाले, “त्याला बोलावू नका.” त्यांच्या तोंडून निघालेला हा बहुधा एकमेव विनोद.

त्या हिवाळ्यात घड लागले. बारीक, गच्च, एकमेकांना चिकटलेले मणी, पिवळट हिरवे. आमचं घर त्या महिन्यांत मोरचूद आणि चुन्याच्या निळ्या पाण्यात बुडालं होतं. फवारणीचे डाग ओट्यावर, बादल्यांवर, आईच्या पदरावर आणि बाबांच्या बोटांवर. विहारात जायचे पांढरे सदरेसुद्धा त्यातून सुटले नाहीत. बुलबुल आणि पोपट हाकलायला मी डबा बडवत फिरायची. शेजारच्या मळ्यातल्या सखूबाईने एक मणी तोंडात टाकला आणि बिया हातावर काढून मोजल्यासारख्या बघितल्या. “वैनी, ही द्राक्षं हायत का रिठे? एवढी निगा, आन खायाला ह्ये?” आई म्हणाली, “साहेबांची आहेत.” बाबा मात्र रोज सकाळी एकेक मणी खायचे, बी दाताखाली फोडायचे आणि तोंडात घोळवायचे. बी हिरवी असली की कडू लागते, पिकली की जरा भाजल्यासारखी लागते, असं त्यांनी मला सांगितलं. मी एकदा दोन्ही फोडून पाहिल्या. मला दोन्ही कडूच लागल्या.

त्याच दिवसांत कांबळे गुरुजी आमच्याकडे आले. निवृत्त शिक्षक, विहाराच्या समितीचे प्रमुख, बाबांपेक्षा वयाने मोठे. जय भीम झाला, चहा झाला, मांडवाखाली एक फेरी झाली. गुरुजींनी विचारलं, “एवढी बी असलेली द्राक्षं बाजारात कोण घेणार, सोनवणे?” आणि बाबांनी सरळ सांगून टाकलं. आई आतून भांडी जरा जोरात आपटत होती, पण सांगून झालं होतं. गुरुजींनी रिकामा कप ओट्यावर ठेवला. मग म्हणाले, “हे समितीपुढे ठेवावं लागेल. नाही ठेवलं तर मी लपवल्यासारखं होईल.” म्हणजे त्यांनाही चौथं शील आडवं आलं.

समितीची बैठक विहारात झाली आणि पुण्यातल्या कुठल्याही बैठकीसारखी लांबली. दारूचं झाड लावणारा माणूस पुढे बसून पाचवं शील कसा म्हणणार, असं एकाचं म्हणणं. ऊस लावणाऱ्याला कुणी विचारतं का, मळीतून काय निघतं ते, असं दुसऱ्याचं. बैठकीतल्या दोघांच्या बापांना हातभट्टीने खाल्लं होतं. ते दोघे नुसते खाली बघत बसले, आणि बाबा सांगायचे की खरं ओझं त्या दोघांचं वाटलं. शेवटी असं ठरलं की पिकवणं वेगळं आणि घेणं वेगळं. सोनवणे जोवर थेंब तोंडात घालत नाहीत, तोवर वंदना तेच घेतील. बाबांनी मान डोलावली. घरी आल्यावर ते आईला म्हणाले, “वेलही राहिली, विहारही राहिला.” आई म्हणाली, “जेवा.”

मी सध्या कर्वेनगरला राहते. माझी नात मैत्रेयी हिंजवडीला नोकरी करते आणि महिन्यातून एकदा माझ्याकडे जेवायला येते. गेल्या खेपेला तिच्या पिशवीत एक बाटली होती, मैत्रिणीकडे न्यायची. “आजी, टेन्शन नको घेऊ, हे एकदम लोकल आहे, फुल ऑन महाराष्ट्र,” ती म्हणाली. मी चष्मा लावून लेबल वाचलं. शेनिन ब्लांक. ही जात आता राज्यात ठिकठिकाणी लावतात. पुढे बऱ्याच जणांनी आपापली रोपं बाहेरून आणली, त्यामुळे सगळ्या वेली आमच्या म्हणणं खोटं होईल. पण काही मळ्यांची पहिली काडी धायरीहून गेली होती, आणि ती जाऊ शकली याला कारण त्या वर्षीचा एप्रिल महिना. नातीला मी हे सगळं सांगितलं नाही. तिला उशीर होत होता.

तर त्या एप्रिलमध्ये साहेबांनी बाबांना नारायण पेठेत बोलावलं. मी बरोबर होते, कारण अप्पा बळवंत चौकातून माझी कॉलेजची पुस्तकं घ्यायची होती. साहेबांच्या घराच्या मागच्या अंगाला त्यांची प्रयोगशाळा होती. खिडकीला ओली गोणपाटं लावलेली, टेबलावर काचेच्या मोठ्या बरण्या, आणि खोलीत एक वास, पिकल्या फळाचा आणि ओल्या पिठाचा, जो मला तेव्हा नावानिशी सांगता आला नसता. साहेबांनी एका पेल्यात थोडी वाइन काढली आणि टेबलावर ठेवली.

“कडू झाली आहे, सोनवणे. सगळीच्या सगळी. मी चाखली, मुंबईहून एकाला बोलावलं, त्याने चाखली. इथल्या उन्हाला ही जात मानवत नाही. पुढच्या आठवड्यात वेली काढा.”

बाबा म्हणाले, “कशी कडू?”

“कशी म्हणजे? कडू म्हणजे कडू. कारलं खाल्लं आहे ना?”

बाबांनी पेला उचलून नाकाशी नेला. बराच वेळ वास घेत राहिले. मग खाली ठेवला. “वास चांगला आहे,” ते म्हणाले.

“असेल. कडूपणाला वास नसतो.”

साहेबांना समितीच्या अटीची कल्पना होती. त्यांनी आग्रह केला नाही. उलट खुर्ची मागे सरकवून म्हणाले, “तुमच्याकडे चालत नाही, मला माहीत आहे. मी विचारतही नाही. पण वेलीचा दोष की माझा, हे सांगणारं दुसरं कुणी माझ्याकडे नाही.” मग खिडकीखालच्या चिनी मातीच्या भांड्याकडे बोट दाखवलं. “चाखणारे गिळत नाहीत. तोंडात घेऊन त्यात थुंकतात. तिकडेही तसंच करतात.”

मी बाबांकडे बघत होते. त्यांची बोटं हवेतच काहीतरी गुंडाळत होती. मला त्या वेळी एवढंच कळत होतं की पेला उचलला तर पौर्णिमेला पुढची जागा जाणार, कारण ते खोटं बोलणार नाहीत. आणि नाही उचलला तर आठवडाभरात मांडव रिकामा होणार. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी पेला उचलला आणि एक घोट तोंडात घेतला.

ते थुंकायला लगेच गेले नाहीत. डोळे मिटून उभे राहिले, रोज सकाळी बी फोडल्यावर राहत तसे, पण त्याहून जास्त वेळ. गरजेपेक्षा जास्त वेळ, असं मला वाटलं. मग भांड्याशी गेले, थुंकले, साहेबांनी पुढे केलेल्या पाण्याने चूळ भरली.

“हा बियांचा कडूपणा आहे,” ते म्हणाले. “रस कशाने काढलात?”

“कारखान्यातल्या यंत्राने. आंब्याचा गर काढतो ते.”

“आंब्याची कोय त्यात फुटत नाही, साहेब. द्राक्षाची बी भरडली जाते. पुढच्या वर्षी हळू दाबून काढा. बी फुटता कामा नये. वेलीचा दोष नाही.”

साहेबांनी पेल्यातली उरलेली वाइन भांड्यात ओतली. मग म्हणाले, “म्हणजे दोष माझाच.” आणि पेला खाली ठेवत, “एक वर्ष आणखी थांबतो.” वेली वाचल्या. पुढच्या वर्षीची वाइन कडू झाली नाही, साहेबांचं नाव झालं, बाबांचा पगार थोडा वाढला. घरी परतताना आम्ही पुस्तकं घ्यायला विसरलो.  आईला त्यांनी चपला काढता काढताच सांगितलं. ती म्हणाली, “थुंकलात ना? मग झालं. त्यात काय एवढं?” बाबा हात धुवायला गेले.

बुद्धपौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी ते गुरुजींकडे गेले, मलाही घेऊन गेले. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला चक्क सुटकेचा भाव दिसला. “गिळली नाहीत ना? मग शील मोडलं कुठे? वैद्य जीभ लावून औषध बघतो, तसं झालं. मी समितीला समजावतो. उद्या वेळेवर या.”

“गुरुजी, कडू होती,” बाबा म्हणाले.

“मग तर प्रश्नच मिटला.”

“पण कडूच्या मागे वेल होती. मला आवडली.”

 बाहेर कुणीतरी पताका लावत होतं, त्याचा आवाज येत होता. बाबा म्हणाले, “जोवर आठवतेय, तोवर पुढे बसून ते म्हणणं मला जमणार नाही.” त्यांना कुणी काढलं नाही. ते आपणहून उठले.

मला त्यांचा भयंकर राग आला होता. समिती मान्य करायला तयार, गुरुजी तयार, आई तयार, आणि हे एका थुंकलेल्या घोटासाठी हटून बसलेले. तो राग मला कित्येक वर्षं पुरला. आता येत नाही. आता हेवा वाटतो, कारण मला मनातलं इतकं स्वच्छ कधी सांगता आलेलं नाही, मलाच सांगायचं असलं तरी.

दुसऱ्या दिवशीपासून बाबा विहारात शेवटच्या रांगेत बसू लागले, चपलांच्या बाजूला, निळे डाग पडलेला पांढरा सदरा घालून. पुढे गुरुजी वंदना घेत. गुरुजींना सूर नव्हता, त्यामुळे लोक ओळ गुरुजींची घेत आणि चाल मागून येणाऱ्या बाबांच्या आवाजाची. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नसे. वंदना संपली की गुरुजी खिरीची वाटी घेऊन मागे येत आणि शेजारी बसत.

“काय सोनवणे, विसरलात का?”

“नाही, गुरुजी.”

“बरं. पुढच्या पौर्णिमेला बघू.”

वर्षानुवर्षं हे चाललं. वाइन त्यांनी पुन्हा कधी तोंडात घेतली नाही. साहेब दर वर्षी वास घ्यायला बोलावत, तेवढ्यासाठी जात. वेली म्हाताऱ्या झाल्या, त्यांच्या काड्या दुसरीकडे गेल्या, साहेब गेले, कंपनी दुसऱ्याने घेतली, धायरीला पाण्याचे टँकर आणि बिल्डर एकाच सुमारास यायला लागले. बाबांचं शेवटचं आजारपण सुरू झालं तेव्हा मांडवाचे दगडी खांब तेवढे उरले होते.

त्या वर्षीच्या पौर्णिमेला बाबांना विहारात नेणं शक्य नव्हतं. दुपारी दारात रिक्षा थांबली आणि त्यातून कांबळे गुरुजी उतरले, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून. फार थकले होते. पांढरे कपडे, हातात खिरीचा डबा. ते पलंगाशी खुर्ची ओढून बसले आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, “काय सोनवणे, विसरलात का?”

बाबांना बोलायला त्रास होत होता. उत्तर द्यायच्या आधी त्यांनी डोळे मिटले आणि नीट तपासून बघितल्यासारखा वेळ घेतला. “कडू विसरलो, गुरुजी,” ते म्हणाले. “मागचं आहे अजून.”

गुरुजींनी मान हलवली. मग खुर्ची थोडी मागे, पलंगाच्या पायथ्याकडे सरकवली आणि हात जोडले. “असू द्या. आज तुम्ही घ्या. मी मागून म्हणतो.”

आईने मेणबत्ती लावली. बाबांनी पडल्या पडल्या सुरुवात केली, आवाज जेमतेम ऐकू येईल एवढा, पण चाल तीच. गुरुजी, त्यांचा नातू, आई आणि मी मागून म्हणत होतो. चार शीलं झाली आणि पाचव्याशी ते थांबले. गुरुजींनी घाई केली नाही, ओळ उचलूनही दिली नाही. मग बाबांनी ते शील म्हटलं, आणि आम्ही सगळे त्यांच्या मागून म्हणालो.